कफ पातळ करणारे औषध : घ्यावे कसे, टाळावे केव्हा



माळव्याची रात्र तिच्या शीतलतेसाठी पूर्वापार नावाजलेली आहे. परंतु मार्गशीर्ष-पौषात हीच रात्र इंदूरच्या घराघरांत खोकल्याची उबळ घेऊन येते. मग फडताळातील जुनी बाटली बाहेर निघते आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना तीच चमचा-चमचा पाजली जाते. ही प्रथा मोडण्याची वेळ आली आहे.

वास्तविक खोकला हा शत्रू नव्हे. श्वासनलिकेत साचलेला कफ बाहेर टाकण्याची ती शरीराची योजना आहे. कफ घट्ट व चिकट झाला म्हणजे तो सुटत नाही. ब्रोमहेक्सिन, अँब्रोक्सॉल यांसारखी औषधे त्याचा चिकटपणा कमी करतात. ब्रोमहेक्सिनचे मूळ आपल्या परसातील अडुळशात आहे. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ते तयार करण्यात आले. याउलट डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोडीन ही औषधे खोकला दाबतात. एक औषध कफ सोडवते, तर दुसरे त्याची वाट अडवते. दोन्ही एकदम घेतल्यास सुटलेला कफ छातीतच राहतो. म्हणून बाटलीच्या नावापेक्षा तीवरील घटकांची यादी वाचणे अधिक अगत्याचे आहे. निरनिराळ्या नावांच्या दोन बाटल्यांत एकच औषध असू शकते. काही मिश्रणांत टर्ब्युटालिन असते. त्याने हात थरथरतात, छाती धडधडते. हृदयविकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

औषध बाटलीसोबतच्या मापानेच घ्यावे. स्वयंपाकघरातील चमचे लहानमोठे असतात, त्यामुळे पाच मिलिलिटरचे दहा केव्हा होतात ते कळत नाही. दिवसभर कोमट पाणी पीत राहावे. पोटात व्रण, दमा, यकृताचा विकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती व स्तनदा मातांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेही व्यक्तीने औषधात साखर आहे काय, हे विचारावे. अंगावर पुरळ उठल्यास औषध तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, थुंकीत रक्त दिसले किंवा धाप लागली, तर बाटल्या बदलत बसू नये. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

लहान मुलांची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया परिसरात, वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला नेण्यात आले होते. त्यांना दिलेले ‘कोल्ड्रिफ’ हे सर्दीचे औषध कफ पातळ करणारे नव्हते. पण तेही गोड, पातळ औषधच होते. तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांतील विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली १४ रुग्णांचा बळी घेणाऱ्या ग्लिसरॉलमध्येही हेच विष होते.

छिंदवाड्यातील मातापित्यांकडे यात कोणताही दोष जात नाही. बाटलीतील विष घरी चमचा मोजून ओळखता येत नाही. ते रोखणे हे उत्पादकाचे आणि तपासणी यंत्रणेचे कर्तव्य होय. कुटुंबाच्या हाती एक गोष्ट उरते : जेथे औषधाची गरज नाही, तेथे ते न देणे. बालकांचा बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच सांगितले : दोन वर्षांखालील बालकांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः देण्याची शिफारस नाही. विश्रांती, पुरेसे पाणी व अंगावरचे दूध पुरेसे ठरते. एक वर्षावरील मुलास थोडा मध चालतो; त्याहून लहान बाळास मध कदापि देऊ नये. औषध घेतल्यावर मूल उलट्या करू लागले, सुस्त पडले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता बाटलीसह रुग्णालयात न्यावे. बाटली फेकू नये, पावतीही जपावी. घाणक्रमांकावरूनच दोषी औषधाचा माग लागतो.

शिक्षकांनी वर्गात एखादी रिकामी बाटली दाखवून घटक, मुदत आणि माप कसे वाचावे ते शिकवावे. अक्षरओळख झालेले मूल घरी आजीला ते वाचून दाखवील. त्या वाचनाने एखाद्या घरातील एक चुकीचा चमचा टळला, तरी वर्गातील ती घटका सार्थकी लागली असे समजावे.