जनावर घेण्याआधी डॉक्टरला दाखवावं का?



मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. लाल कंधारी बैल, देवणी गाई, म्हशी, घोडे यांनी माळ फुलून जातो. तिकडे उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा बाजार आहेच. रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात आणि घटकाभरात वर्षाची कमाई या हातातून त्या हातात जाते. जनावर बरं निघालं तर घर सावरतं, खोडीचं निघालं तर कर्ज डोक्यावर आणि दावण रिकामी. म्हणून घेण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी का, हा प्रश्न आज आपण पाहू.

पुष्कळ जण म्हणतात, “आम्ही पिढ्यान्पिढ्या जनावरं पारखतो, डॉक्टर काय वेगळं सांगणार?” ही पारख खरी आहे, ती सोडू नका. दात पाहून वय कळतं. दोन दाती म्हणजे सुमारे दोन ते अडीच वर्षं, आठ दाती म्हणजे साडेचार ते पाच वर्षं. पण एकदा दात जुळले की पुढचा सगळा अंदाज. शिंगावरच्या वळ्यांवर विसंबू नये, शिंगं घासून गुळगुळीत करता येतात. बैल जुंपून पाहा, दोन-चार तास वखर ओढू द्या. लंगडतो का, खांदा टाकतो का, मारका आहे का, हे औताला लावल्याशिवाय कळत नाही. दुभत्या जनावराची कास तुंबवून बाजारात आणतात. म्हणून आदल्या सायंकाळी आपल्यासमोर कास पूर्ण रिकामी करायला लावा आणि त्यानंतरच्या लागोपाठ तीन वेळच्या धारा मोजा. ही कामं तुमची. एका भेटीत डॉक्टर जनावराचा स्वभाव सांगू शकत नाही.

डॉक्टरचं काम वेगळं. गाय गाभण आहे असं मालक सांगतो, पण आहे का आणि किती महिन्यांची, हे आतून तपासल्यावरच कळतं. जाणकार डॉक्टर साधारण दोन महिन्यांपासून पुढे ते सांगू शकतो. चारही सडांच्या दुधाची चाचणी केली की वरून न दिसणारा दगडीचा रोगही सापडतो. अंगातला ताप, श्वास, डोळ्यांची आतली त्वचा, खूर, सांधे तो बघतो. गाई-बैलांचं तापमान साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट असतं.

सगळ्यांत महत्त्वाचा ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. या रोगाची गाय दिसायला धडधाकट असते आणि पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते. तिचा जार, तिचे स्राव यांतून रोग गोठ्यातल्या इतर जनावरांना आणि माणसांनाही होतो. धार काढणाऱ्याला आणि गाय विताना हात लावणाऱ्याला महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी धरते. हा रोग रक्त तपासूनच कळतो आणि निकालाला वेळ लागतो. तेव्हा सौदा पुरा होण्याआधीच रक्त पाठवा.

मग प्रत्येक वेळी डॉक्टर हवाच का? शेजाऱ्याच्या दावणीला डोळ्यांसमोर वाढलेलं गोऱ्हं घेत असाल, तर आपली पारख आणि लसीची नोंद पुरे. पण मालक अनोळखी असेल, जनावर दुभतं किंवा गाभण असेल, पैसा कर्जाचा असेल, किंवा तुमच्या गोठ्यात आधीच चार जनावरं असतील, तर तपासणी केल्याशिवाय विसार देऊ नका. तपासणीचा खर्च जनावराच्या किमतीपुढे थोडा असतो. शिवाय विमा उतरवायचा तर आरोग्याचा दाखला लागतोच, एका फेरीत दोन्ही कामं होतात.

पथ्यं थोडीच आहेत. डॉक्टर तुम्ही आणा, विकणाऱ्याने आणलेला नको. विसार द्यावाच लागला तर कागदावर लिहून घ्या, “तपासणीत दोष निघाल्यास विसार परत.” मालक तपासणीलाच नको म्हणत असेल तर दुसरं जनावर बघा. कानातला बारा अंकी बिल्ला नीट वाचा. 1 जून 2024 पासून आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. त्या नंबरावर कोणत्या लसी नोंदल्या आहेत हे गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा आणि सौद्यानंतर नोंद आपल्या नावावर करून घ्या.

अवघड शंका असेल तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे दाखवता येतं.

आणि तपासलेलं जनावरही आणल्याबरोबर जुन्या दावणीला बांधू नका. तीन आठवडे वेगळं बांधा, त्याचं घमेलं, बादली वेगळी ठेवा. रोग अंगात असूनही लगेच दिसत नाही. 2022 साली लम्पी चर्मरोगाने राज्यातले गाई-बैलांचे बाजार बंद करावे लागले, तो अनुभव ताजा आहे. या तीन आठवड्यांत ताप, गाठी, लाळ, हगवण यांपैकी काही दिसलं तर ताबडतोब दवाखान्यात कळवा.

यंदा बाजाराला निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना दिवस सांगून ठेवा.