शिवणीची धावपट्टी आणि तिच्याखालची शेतं

अकोल्याजवळच्या शिवणीचा विमानतळ १९४३ सालचा. गोंदियाजवळच्या बिरसीचा १९४० सालचा. नागपूरचं सोनेगाव त्याहून जुनं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाची विमानं सोनेगावला थांबून पुढे जात. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे जपानी बॉम्ब पडले आणि देशभर धावपट्ट्या बांधायची एकच घाई उडाली. रणभूमीपासून इतक्या लांब, पऱ्हाटीच्या मुलखात शिवणीचा विमानतळ कशाला, हे त्या घाईकडे पाहिलं की उमगतं.

घरच्या संगणकावर विमान चालवायचा अनुभव देणारा फ्लाइट सिम्युलेटर आता बऱ्याच तरुणांना ठाऊक आहे. त्यात जगभरचे छांदिष्ट लोक युद्धकाळातले विमानतळ पुन्हा उभे करतात. मी शिवणीचा करतो आहे. या कामाने मला जमिनीकडे बघायला शिकवलं, म्हणून आज भातकुलीतल्या या भाषणासाठी हा विषय घेतला.

अशा सिम्युलेटरांना जमिनीचे चढउतार पुरवणाऱ्या मोजण्यांपैकी एक मोठी मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अवकाशातून रडारने केली. त्यावर उपग्रहाची छायाचित्रं अंथरलेली असतात. म्हणजे पडद्यावर दिसतं ते आजचं अकोला: नव्या वस्त्या, रुंद रस्ते, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे वाफे. १९४३ पर्यंत पोचायचं तर एकेक गोष्ट पुसत जावं लागतं. पुसणं सोपं आहे. पुसलेल्या जागी काय होतं, ते सांगणं कठीण. तिथे संगणक आपल्या मनाने हिरवं गवत पेरतो आणि ते इतकं खरं दिसतं की बघणारा फसतो.

तरी या यंत्राला नेमका प्रश्न विचारला तर ते नेमकं उत्तर देतं. त्या काळचं डकोटा विमान घ्या. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली. जमिनीवर असताना नाक वर, त्यामुळे वैमानिकाला समोरचं दिसत नाही. धावपट्टीकडे जाताना त्याला नागमोडी जावं लागतं. आता मे महिना लावा, पारा ४५ अंशांवर न्या. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे-तीनशे मीटर उंचीवर. पण त्या उन्हात हवा इतकी विरळ होते की पंखांना आणि इंजिनाला आपण चौदाशे मीटरवर आहोत असं वाटतं. आपला चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास; त्याच्याही वर! पहाटे सहज उठणारं विमान दुपारी दोनला, तेवढंच वजन घेऊन, धावपट्टी संपत आली तरी चाकं सोडत नाही. शिवणीत तेव्हा उड्डाणं पहाटे होत असतील, असा अंदाज यावरून बांधता येतो. तो पुरावा मात्र नाही, आणि हा फरक मी कधी सोडत नाही.

एक गोष्ट संगणकाला मुळीच कळत नाही, ती आपली काळी माती. जुलैत विमान पट्टीबाहेर घसरलं तर पडद्यावर ते गवतावरून आरामात धावतं. खऱ्या रेगडात चाक रुतून बसलं असतं. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी ही जमीन. तिच्यावर पट्टी टिकवायची तर खाली मुरूम-गिट्टीचा भक्कम थर हवा. तो मुरूम कुठल्या टेकडीचा, गाड्या कोणाच्या, हात कोणाचे? मला ही खरी गूढं वाटतात.

लोकांना दुसरी गूढं जास्त आवडतात. जुन्या विमानतळाखाली विमानं पुरली आहेत, ही त्यातली सर्वांत लाडकी. लिंकनशायरचे शेतकरी डेव्हिड कंडल यांनी रंगूनच्या मिंगलाडोन विमानतळाखाली पेट्यांत बंद, महायुद्धातली स्पिटफायर लढाऊ विमानं असल्याचा ध्यास वर्षानुवर्षं घेतला. २०१३ च्या जानेवारीत वॉरगेमिंग या संगणकीय खेळ बनवणाऱ्या कंपनीने पैसा दिला, खोदाई झाली. विमानं निघाली नाहीत. जहाजांची जुनी कागदपत्रं पाहिली तेव्हा दिसलं की १९४५-४६ मध्ये रंगूनला पेट्यांतून आलेली विमानं एकंदर ३७, त्यांत स्पिटफायर एकही नाही. फावड्याने सुटलं नाही ते मालाच्या यादीने सुटलं. मला त्या यादीचं फार मोल वाटतं.

धावपट्टीखाली कोणाची शेतं होती, याचं उत्तर आपल्याकडेही कागदातच आहे. कल्याणजवळच्या नेवाळीत जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत द्या, ही त्यांची मागणी. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही त्या घरांत युद्ध संपलेलं नव्हतं. पडद्यावर नेवाळी उभारणाऱ्याने धावपट्टी हुबेहूब काढली आणि तिच्याखालचे धुरे वगळले, तर त्याने अर्धाच विमानतळ काढला, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून शिवणीच्या नकाशात मला विमानांआधी शेतं घालायची आहेत. त्यासाठी १९४३ पूर्वीचा गावनकाशा हवा, जुनी पेरेपत्रकं हवीत, भूसंपादनाचा एखादा कागद हवा. तुमच्यापैकी कोणाचे सोयरे शिवणीच्या बाजूला असतील, तर त्यांच्या घरच्या जुन्या दस्तांच्या पेटीत एकदा बघायला सांगा. मूळ कागद देऊ नका, छायाचित्र पुरे. सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा वाचता आल्या, की धुरा कुठून जात होता ते मला पडद्यावर मांडता येईल, आणि त्या शेताला त्याच्या मालकाचं नावही देता येईल.