विजेचा घट आणि त्याचे पहारेकरी

रात्रीं निजण्यापूर्वीं स्मार्टफोन विजेला लावावयाचा आणि सकाळीं काढावयाचा, हा आतां घरोघरचा परिपाठ झाला आहे. घट तर एक-दोन तासांत भरतो. मग उरलेली रात्रभर वीज जाते कोठें, आणि अति भरल्यानें घट पेटणार तर नाहीं ना, अशी शंका वडील माणसांस येते. ती अगदीं रास्त आहे.

या घटांत एकीकडे कोबाल्टचें एक संयुग असतें, दुसरीकडे ग्रॅफाइटचे एकावर एक रचलेले थर. घट भरतांना लिथियमचे विद्युद्भारित कण कोबाल्टचें घर सोडून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. फोन वापरतांना ते माघारी येतात. जॉन गुडइनफ यांनीं १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें या संयुगाचा उपयोग दाखविला, जपानांत अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं त्यावरून व्यवहारोपयोगी घट सिद्ध केला, आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें तो बाजारांत आणला.

थरांतील जागा मात्र मोजकी. कण प्रमाणाबाहेर लोटले, तर ते पृष्ठभागावरच धातुरूपानें सांचतात; तिकडे कोबाल्टची रचना ढासळून प्राणवायु सुटूं लागतो. मधला द्रव ज्वालाग्राही! सरपण आणि हवा एकाच डबींत कोंडल्यासारखें हें आहे.

म्हणून फोनच्या पोटांतच एक नियामक बसविलेला असतो. (भिंतीवरचा ठोकळा केवळ विजेचा दाब उतरवून देतो, त्याला उगाच श्रेय मिळतें.) नियामक प्रथम ठराविक प्रवाह सोडतो. दाब सुमारें ४.२ व्होल्टवर, कांहीं घटांत किंचित् अधिक, पोंचला कीं तो दाब तेथेंच रोखून धरतो आणि प्रवाह आपोआप क्षीण होत जातो. हंडा कांठाशीं आला कीं गृहिणी तोटी बारीक करते, तसेंच हें. शेवटचा पांचवा हिस्सा भरावयास वेळ लागतो तो यामुळेंच. प्रवाह अगदीं अल्प उरला कीं नियामक तो बंद करतो. तो चुकलाच, तर घटावरील दुसरें छोटें मंडल जोडणी तोडतें. स्वस्तांतल्या बनावट घटांत नेमका हाच दुसरा पहारेकरी पुष्कळदां नसतो.

उष्णतेपुढें मात्र या पहाऱ्याचें फारसें चालत नाहीं. पूर्ण भरलेला घट उशीखालीं तापत राहिला, तर पेटला नाहीं तरी लौकर म्हातारा होतो. यास्तव २०१९ पासून आयफोनांत घट शेंकडा ८० वर थांबवून, मालकाची उठण्याची वेळ जवळ आली म्हणजे उरलेला भरण्याची सोय आहे.