वजनाचा काटा आणि प्रकृतीची प्रगती

(कडेगाव येथे माध्यमिक शिक्षिका, आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे उंचीची मोजदाद कडेगावकरांना नवी नाही. बालकांचे वजन घेऊन ते आलेखावर नोंदविण्याचे काम तर येथील अंगणवाडी सेविका नित्यनेमाने करीत असतात. आज ज्या मोजमापाविषयी बोलावयाचे आहे, ते मात्र घरात अन्न असूनही न जेवणाऱ्या मुलीचे आहे. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे त्या विकाराचे नाव. त्याचा शब्दशः अर्थ ‘भूक नसणे’ असा असला, तरी तो दिशाभूल करणारा आहे. भूक असते, वजन वाढण्याच्या भयाने ती निग्रहाने दाबली जाते. आपल्याकडे हे भय उघडपणे बोलून दाखविले जाईलच असे नाही. पोट जड झाले आहे, आज उपवास आहे, अशी कारणे पुढे येतात. हा विकार मुलग्यांनाही होतो.

मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा उपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. उपचार सुरू झाल्यावर शरीर सावरत आहे की नाही, हे कशावरून ओळखावे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ मध्ये या विकाराला आजचे नाव दिले. त्यांच्या निबंधातील एक १७ वर्षांची मुलगी १८६६ मध्ये त्यांच्याकडे आली, तेव्हा तिची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन ८२ पौंड, म्हणजे अवघे ३७ किलो होते. पण गल वजनावर थांबले नाहीत. नाडीचे ठोके ५६, श्वास मिनिटाला १२, मासिक पाळी जवळजवळ वर्षभर बंद, अशी नोंद त्यांनी केली. मार्च १८६८ मध्ये तिचे वजन १२८ पौंड, म्हणजे ५८ किलो झाले होते. दोन वर्षे लागली, हे घाईत असलेल्या पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

वजन घ्यावे ते एकाच काट्यावर, शक्यतो सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत. भयग्रस्त रुग्ण वजनापूर्वी तांब्याभर पाणी पितो, कपड्यांत जड वस्तू दडवितो. तो लबाड असतो असे नव्हे. आजारच त्याच्याकडून हे करवून घेतो. घरी राहून उपचार घेताना आठवड्याला साधारण अर्धा किलो आणि रुग्णालयात अर्धा ते एक किलो वाढ अपेक्षित धरतात. प्रौढांचा १८.५ हा देहभारांक तेरा वर्षांच्या मुलीला लावू नये. तिच्यासाठी वय व लिंगानुसार केलेले तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठीचे असे सुधारित तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख वाटा आहे.

काट्याला जे दिसत नाही, ते नाडी सांगते. जागेपणी ठोके ५० पेक्षा कमी, अंगाचे तापमान ९६ अंश फॅरनहाइटच्या खाली, निजलेल्या अवस्थेतून उभे राहताच वरचा रक्तदाब २० ने उतरणे, ही धोक्याची चिन्हे होत. आणखी एक परीक्षा आहे. रुग्णाला उकिडवे बसवावे व हातांचा आधार न घेता उठावयास सांगावे. चुलीपुढे वा शेतात उकिडवे बसण्याची सवय असलेल्या मुलीलाही जर उठताना हात टेकावे लागत असतील, तर स्नायू झिजले आहेत असे समजून तिला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

उलटपक्षी, आकडा झपाट्याने वाढला म्हणून हुरळून जाऊ नये. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर संकट ओढवू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण अन्न मिळाल्यावरच दगावले, ते यामुळेच. म्हणून पहिल्या दिवसांत रक्ततपासणी वारंवार होते. घोट्यावर सूज आली असेल, तर वाढलेले वजन बहुधा पाण्याचे असते.

याच संदर्भात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. त्यांचा व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा देहभारांक अगदी एकच, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छायाचित्रासह छापले. सारांश, एकाच आकड्याआड दोन निराळी शरीरे असू शकतात. सावरणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे अधिकच नाजूक ठरते, कारण परतणारी चरबी आरंभी पोटाभोवती साठते व पुढे काही महिन्यांत सर्वांगी पसरते. नेमक्या त्या काळात आरशात पोट पाहून ती पुन्हा जेवण टाळू लागते. ‘आता बरी गुटगुटीत दिसतेस’ हे मायेचे वाक्य तेव्हा कुणीही उच्चारू नये.

अपेक्षित वजनाच्या सुमारे नऊ दशांशापर्यंत पोहोचल्यावर बहुतेकींची पाळी परत येते. काहींना आणखी महिने लागतात. गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव ही प्रगतीची खूण धरू नये. हाडांची भरपाई सर्वांत मंद असते आणि ती नेहमी पूर्ण होतेच असे नाही. वाढत्या वयात उंचीही मोजत राहावी, ती यासाठीच.

घरातील वजनकाटा या काळात नजरेआड ठेवावा आणि वजन उपचार करणाऱ्यांनीच घ्यावे. क्षयरोग, मधुमेह वा थायरॉईडमुळे अंग झडत नाही ना, हे प्रथम पाहून घ्यावे. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात व पुढे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. मनाच्या बाजूने सल्ला हवा असल्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.