पाणी कमी तुंबलं, पण कशामुळे?

आज बोलतोय आपल्या एव्हरशाईन सिटीतून, आणि विषय दर पावसाळ्यातल्या भांडणाचा आहे.

जुलै २०१८ आठवतोय? नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, लोकल बंद, लाईट गुल, वसईच्या मिठागरात शेकडो माणसं अडकलेली. समजा, अशा वर्षानंतर तुमच्या गल्लीतला नाला खोल केला आणि पुढच्या पावसात पाणी कमी भरलं. ग्रुपवर लगेच मेसेज : "बघा, झाला की नाही फरक!"

जरा थांबा. काम कधी झालं? सगळ्यात वाईट वर्षानंतर. तशा वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा काही न करताही बरंच जातं.

मग कुणी हुशार म्हणतो, बाजूच्या गल्लीशी तुलना करू. आकडे मनाचे घेऊ. आपलं पाणी ६० सेंटिमीटरवरून २० वर आलं. बाजूला नाला तसाच, तिथे ४० चं २० झालं. आपली घट ४०, त्यांची २०. म्हणजे २० पावसाने कमी केलं, उरलेलं २० नाल्याने. याला म्हणतात 'फरकातला फरक'. पद्धत चांगलीच आहे, पण एक अट आहे : नाला खोदला नसता तर दोन्हीकडे पाणी सारख्याच सेंटिमीटरने उतरलं असतं. आपली गल्ली सखल! बाजूला पाणी निम्म्यावर आलं, तसंच आपलंही निम्म्यावर आलं असतं तर? ६० चं ३०. मग नाल्याची कमाई फक्त १०. आणि आपलं पाणी वाहून बाजूच्याच गल्लीत जात असेल, तर तुलनाच बोंबलली.

खरी गंमत पुढे आहे. कामं टप्प्याटप्प्याने होतात. एक गल्ली यंदा, दुसरी पुढच्या वर्षी. नेहमीचं गणित पहिल्या गल्लीला नंतर दुसरीच्या तुलनेसाठी वापरतं. पण तोवर पहिल्या नाल्यात गाळ परत साठलेला असतो, तिथलं पाणी वाढतं आणि दुसरीचं काम उगाच फुगून दिसतं. अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी हा घोळ २०२१ च्या निबंधात उलगडून दाखवला. तोवर भलेभले तेच गणित करत होते.

पैसा एकदाच येतो. तो नाल्यात घालायचा की पाणी साठवायच्या तलावात, हे याच आकड्यांवर ठरणार. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीपासून, दोन्ही गल्ल्यांत, गेटच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारा. बाजूला तारीख लिहा. आणि हो, ऑइल पेंटनेच, खडू पहिल्या सरीत जातो.