वाडीत वीज नेताना

घरातली वायर उंबरठा ओलांडून वाडीत जाते तेव्हा काय बदलते, यावर आज बोलायचे आहे. वसईत हा प्रश्न घरोघरचा. रहाट गेले, विहिरीवर आणि बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, विजेचे पंप आले. अंगणातला दिवा, गणपतीचा मांडव, दिवाळीचा कंदील, नाताळच्या गोठ्याची रोषणाई हे सारे त्यात आले. आणि यातले बरेचसे खिडकीतून बाहेर काढलेल्या एका वायरवर चालते.

घरात पायाखाली कोरडी लादी असते. वाडीत आपण अनवाणी, ओल्या आळ्यात, हातात पाण्याची नळी धरून उभे असतो. कातडी भिजली की शरीराचा विजेला होणारा रोध फार घटतो. साधारण 10 मिलिअँपिअरपुढे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सुटत नाही. 50च्या पुढचा प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. आता बोर्डावरचा 16 अँपिअरचा एमसीबी पाहा. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर! वायर जळू नये म्हणून तो बसवलेला असतो. माणूस वाचवणे हे त्याचे कामच नाही.

‘पण आमच्याकडे अर्थिंग आहे,’ असे लोक सांगतात. अर्नाळा, कळंब, रानगाव, भुईगाव हा आपला पट्टा रेतीचा, आणि रेतीत पाणी ठरत नाही. एप्रिल-मेमध्ये पंप सर्वांत जास्त चालतो, नेमका तेव्हाच अर्थिंगचा खड्डा सुकतो. खाऱ्या वाऱ्याने जोडणीचे बोल्ट गंजतात ते वेगळेच. समजा, अर्थिंगचा रोध 100 ओहम झाला आणि फेज पंपाच्या सांगाड्याला लागला. 230 व्होल्टला 100ने भागा: 2.3 अँपिअर. एमसीबी पडणार नाही, आणि सांगाड्यात करंट उतरलेलाच राहील. ज्याचा हात लागेल त्याचे काय?

त्याच लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पुरता परत आला का, एवढाच हिशेब तो ठेवतो. गळती हळूहळू वाढत 30पर्यंत गेली, तर त्या 100 ओहमच्या अर्थिंगवरही सांगाड्यावर 3 व्होल्टच असतात. फेज एकदम लागला तरी सेकंदाच्या अंशात पुरवठा तुटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझिएल यांनी किती प्रवाहापर्यंत माणसाच्या हातून तार सुटते, हे स्वयंसेवकांवर मोजले आणि 1961मध्ये किंचित गळतीवर वीज तोडणारे उपकरण घडवले. त्या मोजमापाचे मोल मला फार वाटते.

बाकीचे थोडक्यात. वाडीची लाइन बोर्डापासून स्वतंत्र, आर्मर्ड केबलची, अडीच फूट खोल घ्या. केळीसाठी खणताना कुदळ लागू नये म्हणून केबलवर विटा रचा. मातीत जॉइंट नको. सॉकेटला आयपी 65 झाकण हवे, पण ते पाण्याच्या फवाऱ्यापुरते. पाण्यात बुडाल्यावर त्याचा भरवसा नाही. म्हणून जुलै 2018च्या पुरात तुमच्या अंगणात पाणी कुठवर चढले होते ते आठवा आणि सॉकेट त्याच्या बरेच वर लावा. झाडांतले दिवे 12 व्होल्टचे घ्या, त्यांचा ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवा.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलेपर्यंत पंप लावू नका. मात्र हे बटण अर्थिंग तपासत नाही. त्यासाठी वायरमनला अर्थ टेस्टर आणायला सांगा आणि मोजणी मे महिन्यात करा. पावसाळ्यात, ओल्या मातीत घेतलेला आकडा उन्हाळ्यात उपयोगाचा नाही.