दुखणे छातीचे, काळजी मनाचीही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हृदयविकाराचा झटका आलेला माणूस घरी परतला, की आपण मीठ-तेल कमी करतो, गोळ्यांच्या वेळा सांभाळतो. पण त्याच्या मनाची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

आमच्या घरी हे आजारपण झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. पण हे खिडकीशी बसून राहत, रात्री दचकून उठत आणि नाडी धरून बसत. भेटायला येणारे म्हणत, "देवाने वाचवले, आता आनंदात राहा." त्याने यांचा चेहरा अधिकच उतरे. एकदा मला म्हणाले, "वाचलो खरा, पण आता काय कामाचा?" पुढच्या तपासणीत ते वाक्य मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "बरे झाले सांगितलेत. हाही आजारच आहे आणि त्याला उपाय आहे."

झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांतील एकाला असे औदासीन्य जडते; बायकांत प्रमाण अधिक. कॅनडातील माँट्रियल येथे २२२ रुग्णांची पाहणी झाली. १९९३ साली तिचे निष्कर्ष छापून आले. मन खचलेले रुग्ण पहिल्या सहा महिन्यांत दगावण्याचे प्रमाण इतरांहून कितीतरी जास्त होते. मन खचले की गोळ्या चुकतात, फिरणे सुटते, झोप उडते. हृदयावरचा ताण वाढतो.

म्हणून घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत वरचेवर उदास, निराश वाटले का? कशातच गोडी वाटत नाही, असे झाले का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर डॉक्टरांना सांगावे. समुपदेशन, बेताबेताने व्यायाम आणि लागल्यास औषध यांनी गुण येतो. मात्र मनाच्या काही गोळ्या हृदयाला मानवत नाहीत. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

भीतीनेही छाती धडधडते. तरी छातीत दुखले, घाम फुटला, दम लागला, तर 'मनाचे खेळ' म्हणून थांबू नये; १०८ ला फोन करावा. मनाच्या त्रासासाठी सरकारची १४४१६ ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. तेथे मराठीत बोलता येते. कोणी जीव नकोसा झाला म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि भगिनींनो, दुखणे आपले असेल तेव्हा "मला काही होत नाही" म्हणून ओट्याशी उभ्या राहू नका. हेच दोन प्रश्न स्वतःलाही विचारा.